कावीळ पाण्यातली, कावीळ सुईतली

गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यात मराठी, गोंडी, बंगाली, तेलुगू अशा चार भाषा शेजारी नांदतात. डोळे पिवळे पडले की मात्र निदान एकच: कावीळ! मग हाताला चुना चोळून ती उतरवायची. हिपॅटायटिस सी हा विषाणू या उताऱ्यात सापडतच नाही, कारण लागण झालेल्या दहातल्या आठांना सुरुवातीला काही जाणवत नाही, डोळेही पिवळे होत नाहीत. यकृत पोखरायला तो वीस-तीस वर्षं घेतो.

पाणी उकळलं की हिपॅटायटिस ए आणि ई टळतात. सीची वाट रक्ताची. एका ताटात जेवा, एका पेल्याने पाणी प्या, गळाभेट घ्या, काही होत नाही. पण वाळलेल्या रक्ताच्या थेंबात हा विषाणू सहा आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो. जत्रेतली गोंदणाची सुई, न्हाव्याचा वस्तरा, ‘एक सुई टोचा ना डॉक्टर’ म्हणत घेतलेलं इंजेक्शन: तिन्ही ठिकाणी सुई-पातं नवं आहे का, एवढं बिनदिक्कत विचारा.

इजिप्तचं उदाहरण चटका लावणारं आहे. १९५० ते १९८० च्या दशकांत तिथे एका जंतविकारावर गावोगाव इंजेक्शनं दिली गेली. काचेच्या त्याच सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्या आणि औषधासोबत सी देशभर पोहोचला.

गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच, त्यांना वरचेवर रक्त लागतं. भारतात २००१ पासून रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी सीसाठी तपासणं बंधनकारक आहे. त्याआधी कधी रक्त चढवलं असेल, तर एकदा चाचणी कराच.

आणखी एक नवल! १९८९ मध्ये हा विषाणू सापडला तो डोळ्यांना दिसण्याआधी. शास्त्रज्ञांच्या हाती आधी त्याची जनुकं लागली. तोवर त्याला नावही नव्हतं, ‘ए नाही, बी नाही’ एवढीच ओळख. या शोधाला २०२० चं नोबेल मिळालं.

लस अजून नाही, पण गोळ्या आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत अशी एक गोळी हजार डॉलरला होती, कोर्स ८४ गोळ्यांचा. आज बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात आणि २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तपासणी-उपचार मोफत आहेत.

पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तरी धीर सोडू नका. दहातल्या साधारण तिघांचं शरीर विषाणूला स्वतःच हुसकावतं. तो अजून आत आहे का, हे दुसरी, आरएनए चाचणी सांगते.