फक्त हाड जोडलं

गेल्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या जाऊबाई बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दिल्लीत आमच्या द्वारकेतल्याच एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, लगेच वॉकर देऊन त्यांना उभंही केलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. माझा राग आहे तो घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर. वेदनाशामक, पोटाची गोळी, कॅल्शियम, आठवड्याला ड जीवनसत्त्वाचं साठ हजार युनिटचं पाकीट, फिजिओथेरपी. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, हा शब्द त्यात कुठेच नाही. पंच्याहत्तरी गाठलेली बाई उभ्या उभ्या पडते आणि खुबा मोडतो, तेव्हा निदान तिथल्या तिथे झालेलं असतं; डेक्साचा, म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीचा, आकडा काहीही येवो.

आणि हे त्यांचं पहिलं हाड नव्हतं. २००८ मध्ये मनगट मोडलं होतं. तेव्हाही प्लास्टर, कॅल्शियम आणि ‘वय झालं, जपून चालत जा’. दोन फ्रॅक्चरांच्या मधला सगळा काळ उपचारांचा होता. तो कसा वाया गेला, हे मांडल्याशिवाय मला राहवत नाही.

त्याआधीचं भराभर सांगते. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठी हाडांच्या घनतेच्या टी-स्कोअरची उणे २.५ ची रेषा आखली, १९९५ मध्ये अमेरिकेत ॲलेंड्रोनेट या गोळीला ऑस्टिओपोरोसिससाठी मान्यता मिळाली. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या देण्यावरचा भरवसा २००२ च्या अमेरिकन चाचणीने डळमळला. इकडे २००० मध्ये एम्सच्या डॉ. रविंदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या धडधाकट माणसांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व कमी असल्याचं दाखवलं. एवढ्या उन्हाच्या शहरात! त्यातून पुढे पाकिटांचा सुकाळ झाला, हाडांच्या औषधाचा मात्र नाही.

माझ्या मनात घर करून आहे ते २००५ नंतरचं दशक. ३१ डिसेंबर २००५ ला मेट्रो द्वारकेपर्यंत आली आणि ओस सोसायट्या भरू लागल्या. सरकारी नोकरीच्या शेवटच्या टप्प्यावरची, पन्नाशी ओलांडलेली जोडपी हप्ते फेडून आपल्या घरात आली. गणपतीत सगळ्या सेक्टरांतली मराठी मंडळी भेटायची. आरतीला तासभर उभं राहणाऱ्या, मोदकांच्या चाळण्या उचलणाऱ्या त्या बायका आज सत्तरीपुढे आहेत. त्यांच्यातल्या कितीजणी पोक काढून चालतात, ते पाहवत नाही.

त्याच वर्षांत सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारची ‘फुकट हाड तपासणी’ सुरू झाली. टाच यंत्रात ठेवायची, कागद बाहेर यायचा, लाल पट्ट्यातला आकडा पाहून बायका घाबरायच्या आणि कॅल्शियमच्या डब्या घेऊन घरी जायच्या. टाचेच्या त्या यंत्रावरून ऑस्टिओपोरोसिसचं निदान करायचं नसतं. त्यासाठी कंबर आणि खुब्याचा डेक्सा लागतो. हे त्या हॉलमध्ये कोणी सांगितलं नाही. त्या शिबिरांनी एक समजूत पक्की केली, की हाडं म्हणजे कॅल्शियम. जाऊबाईंनी ती निष्ठेने पाळली, एक गोळी चुकवली नाही.

म्हणूनच २००७ हे वर्ष मला विसरता येत नाही. खुबा मोडलेल्या २,१२७ रुग्णांवरची झोलेड्रोनिक ॲसिडची चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. वर्षातून एकदा शिरेतून औषध, पहिला डोस ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत. खोटं औषध मिळालेल्या गटात १३.९ टक्के लोकांचं पुन्हा हाड मोडलं, खऱ्या औषधाच्या गटात ८.६ टक्के. मृत्यू १३.३ विरुद्ध ९.६ टक्के. आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना दिलं होतं. म्हणजे नुसत्या कॅल्शियमवर ठेवलेल्या माणसांचं काय होतं, याचं उत्तर त्या चाचणीतच होतं. पुढच्या वर्षी जाऊबाईंचं मनगट मोडलं. पन्नाशीनंतरचं मनगट हा पुढच्या खुब्याचा इशारा असतो, हेही तोवर पुरतं ठाऊक झालं होतं. ग्लासगोमध्ये तर १९९९ पासून हाड मोडून आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला हेरून तपासणी आणि औषधापर्यंत नेण्याची व्यवस्था चालू होती. त्यासाठी लागते एक परिचारिका, एक वही आणि टेलिफोन. दिल्लीत काही नवी इमारत बांधायची नव्हती.

मग ॲलेंड्रोनेटसारख्या औषधांच्या भीतीची वर्षं आली. जबड्याचं हाड कुजतं, मांडीचं हाड विचित्र मोडतं, अशा बातम्या. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मांडीच्या हाडाबद्दल इशारा दिला. धोके खरे आहेत, पण ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत ते विरळ; काही वर्षांनी गोळी थांबवून विश्रांती द्यायची रीतही त्यातूनच बसली. तरी २००८ ते २०१२ मध्ये अमेरिकेत या गोळ्यांचा वापर निम्म्याहून खाली गेला. आमच्याकडे तर ज्यांनी सुरूच केल्या नव्हत्या, त्यांनाही ‘त्या गोळ्या वाईट’ हे पाठ झालं. न घेतल्याने मोडलेल्या खुब्यांची बातमी मात्र कोणी छापली नाही. २०१२ मध्येच दिल्लीतल्या एका पाहणीत पन्नाशीपुढच्या सुमारे १८ टक्के लोकांच्या मणक्यात फ्रॅक्चर दिसलं, पुरुषांत आणि बायकांत जवळपास सारखंच. बहुतेकांनी ते दुखणं कंबरदुखी म्हणून सोसलं असणार.

२०१५ नंतरचं थोडक्यात. द्वारकेत मोठी रुग्णालयं उभी राहिली, सांधे बदलणं नेहमीचं झालं. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबही मिळतं. ते मध्येच बंद केलं तर मणके भराभर मोडू शकतात, हे मात्र प्रत्येक घरी समजावलं जात नाही. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकांच्या तारखा चुकल्या असतील.

जाऊबाईंना आम्ही घरी आणल्यावर एका हार्मोनतज्ज्ञांकडे नेलं. पाठीच्या साध्या एक्स-रेत दोन मणके जुने दबलेले निघाले. मूत्रपिंडाची तपासणी, ड जीवनसत्त्वाची पातळी, थायरॉइड, सगळं पाहून टेरिपॅराटाइडची रोजची सुई सुरू झाली. ती जास्तीत जास्त दोन वर्षं, मग झोलेड्रोनिक. हाडांच्या डॉक्टरांना वाटतं हे काम फिजिशियनचं, फिजिशियनला वाटतं ऑपरेशन केलं त्यांचं. मधल्या मध्ये रुग्ण कॅल्शियमवर. ऑपरेशन करणाऱ्या विभागाने घरी सोडण्याच्या कागदावर ऑस्टिओपोरोसिस असं निदान लिहावं, औषध कोण आणि कोणत्या तारखेला सुरू करणार ते लिहावं आणि तीन महिन्यांनी एक फोन करून ते सुरू झालं का हे विचारावं, अशी मागणी मी त्या रुग्णालयाला लेखी दिली आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. या महिन्यात पुन्हा जाणार आहे, जाऊबाईंचे मणक्यांचे एक्स-रे बरोबर घेऊन.