काठावरचा पांढरा पट्टा

जलतरण तलावाच्या टाइल्सवर पाण्याच्या पातळीलगत खरखरीत पांढरा पट्टा दिसला की आधी ॲसिडची बाटली शोधली जाते. खरं तर तपासायला हवं ते पाणी. हा थर बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. काठाची टाइल भिजते, उन्हात सुकते, पुन्हा भिजते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पाणी घुसळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटतो, पीएच चढतो आणि थर आणखी वेगाने धरतो. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बुडबुडे आले, तर तो कार्बोनेटच. फेस आला नाही, तर चिवट सिलिकेटची शंका घ्यावी.

ॲसिडने पट्टा झटकन जातो, हे खरं. पण सांध्यांतलं सिमेंटही त्यात विरघळतं आणि खडबडीत जागी नवा थर सहज बसतो. मग पाणीच आम्लधर्मी ठेवलं तर? असं पाणी सांध्यांतलं कॅल्शियम ओढून घेतं. हा तोल विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली सूत्रात बांधला: पीएच, तापमान, कॅल्शियम, क्षारता, विरघळलेले घन पदार्थ, सगळं एकत्र पाहायचं. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ राखावा. बोअरवेलचं पाणी जड असेल, तर कॅल्शियम हायपोक्लोराइटऐवजी सोडियम हायपोक्लोराइट बरं, मात्र तेही पीएच वाढवतं. उडून गेलेल्या पाण्याची नुसती भर घालत राहिल्यास क्षार साचतच जातात. अधूनमधून थोडं पाणी काढून कमी क्षारांचं भरावं आणि दर आठवड्याला काठावर मऊ ब्रश फिरवावा.