घाट चढून येणारे पाणी

महू सोडून आग्रा-मुंबई रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की मानपुर लागते. ब्रिटिश अमदानीत संस्थानी मुलुखाच्या गराड्यात इंग्रजांच्या थेट ताब्यात असलेला हा एक चिमुकला परगणा. येथून पुढे रस्ता विंध्याचा कडा उतरून निमाडात शिरतो. उतरणाऱ्यास त्याचे फारसे काही वाटत नाही. परंतु समोरून भरलेले ट्रक कण्हत-कुंथत वर येताना पाहिले म्हणजे माळव्याचे पठार किती उंचावर आहे याची कल्पना येते. विंध्याच्या याच भिंतीवरून, मानपुरच्या पूर्वेस, इंदूरच्या नळांचे पाणीही चढत असते.

हे पाणी नर्मदेचे. मंडलेश्वराजवळील जलूद येथे ते उचलले जाते आणि सुमारे ७० किलोमीटर प्रवास करून शहरात येते. १९७० साली इंदूरच्या नागरिकांनी या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले. त्यात अभ्यास मंडळाचा आणि मुकुंद कुलकर्णी यांचा पुढाकार होता. १९७८ मध्ये पाणी प्रत्यक्ष आले. तोपर्यंत यशवंत सागर, बिलावली अशा तलावांवर शहराची भिस्त होती.

आता पाणी किती, हे विचारू गेल्यास प्रत्येकजण निराळ्या मापाने उत्तर देतो. पहिल्या टप्प्याची क्षमता दिवसाला ९ कोटी लिटर. गॅलनमध्ये मोजणारे वडीलधारे तेच ‘दोन कोटी गॅलन’ म्हणणार. तिसरा टप्पा दिवसाला ३६ कोटी लिटरचा. नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडणारी जी योजना २०१४ साली सुरू झाली, तिचा आकडा मात्र ‘सेकंदाला ५ घनमीटर’ असा छापला जातो. ३६ कोटींपुढे ५ म्हणजे अगदीच किरकोळ, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दिवसाचे सेकंद ८६,४००, आणि घनमीटरात लिटर हजार. गुणाकार करून पाहावा. उत्तर ४३ कोटी २० लाख लिटर येते. किरकोळ दिसणारा आकडाच मोठा निघाला!

म्हणून सर्व मापे एकाच मापात आणावीत, आणि ते माप सेकंदाला किलोग्रॅम हे असावे, असे मी सुचवीन. पाण्याच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण लिटरभर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. ९ कोटींना ८६,४०० ने भागले की सेकंदाला १,०४२ किलो मिळतात. जुना ब्रिटिश गॅलन पाण्याने बरोबर दहा पौंड भरतो, तेव्हा गॅलनांना दहाने गुणून पौंड आणि पौंडांना ०.४५३६ ने गुणून किलो करावेत. (अमेरिकेतल्या मुलाने पत्रात गॅलन लिहिले तर जपून! तिकडचा गॅलन ३.७८५ लिटरचा, आपल्या आजोबांचा ४.५४६ लिटरचा.) वजनच का धरायचे, हे गिरणीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. बाष्पित्राची वाफ ताशी पौंडात मोजतात. कारण दाब बदलला की वाफेचे आकारमान फुगते-आटते, वजन मात्र तेवढेच राहते.

सेकंदाच्या किलोंना ३.६ ने गुणले की ताशी टन होतात. आपले १,०४२ किलो म्हणजे ताशी ३,७५० टन. दहा टनी ट्रक धरले, तर दर दहा सेकंदांच्या आतच एक भरलेला ट्रक घाटमाथ्यावर पोहोचला पाहिजे, तोही रात्रंदिवस! आणि हा केवळ पहिला टप्पा.

या मापाचा खरा उपयोग पुढेच आहे. सेकंदाचे किलो, चढाचे मीटर आणि ९.८ यांचा गुणाकार केला की लागणारी शक्ती थेट वॅटमध्ये मिळते. नर्मदेचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटरवर आणि इंदूर ५५० मीटरवर. शिवाय मध्ये विंध्याचा माथा. हिशेबापुरता चढ ५०० मीटर धरू. उत्तर ५१ लाख वॅट, म्हणजे ५.१ मेगावॅट येते. पंप आणि नळातील घर्षण यांचा वाटा मिळवला की सात मेगावॅटच्या घरात जाते.

हेच घरापुरते पाहू. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरांसाठीचे सरकारी प्रमाण. पाच माणसांच्या घरात ६७५ लिटर. ते पाणी घाट चढून आणण्यास सुमारे सव्वा युनिट वीज खर्च होते. तेवढ्यात दहा वॅटचा दिवा सव्वाशे तास जळतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरच्या बिलाबद्दल आपण घरात कुरकुरतो. ती दहा मीटर चढवते. त्याच्या पन्नासपट चढण पाण्याने आधीच संपवलेली असते.

तिन्ही टप्प्यांची क्षमता मिळून ५४ कोटी लिटर होते. पूर्ण क्षमतेने चालवल्यास, याच हिशेबाने, ४० मेगावॅटच्या आसपास वीज हवी. जलूद येथे ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी इंदूर महानगरपालिकेने २०२३ मध्ये हरित कर्जरोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले. ६० हा आकडा ४० हून मोठा, म्हणून सारे पाणी उन्हावर चढेल असे मात्र समजू नये. रात्र, ढग आणि कलता सूर्य जमेस धरता अशा प्रकल्पाची सरासरी साधारण पाचव्या हिश्शाची, म्हणजे बारा मेगावॅटची पडते. पाऊल योग्यच आहे. फक्त पूर्ण क्षमतेच्या हिशेबाने ते अर्ध्यापर्यंतही पोहोचत नाही.

अन्य शहरांतील वाचकांनी चढाचा आकडा आपापल्या गावाचा घालावा. बंगळूरला कावेरीचे पाणी शंभरएक किलोमीटरवरून आणि सुमारे ५०० मीटर चढवून येते, तेव्हा तिकडच्या मराठी घरांना वरचा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल. मुंबईच्या आप्तांना मात्र तो पाठवू नये. तानसा-वैतरण्याचे पाणी त्यांच्याकडे बहुतांशी उतारानेच येते.