भोक सरळ, तर झोपाळा भक्कम

झोपाळ्याची फळी घ्यायची, चार कोपऱ्यांना चार भोके पाडायची आणि कड्यांचे बोल्ट घालून नट आवळायचे. काम ऐकायला सोपे वाटते. पण ड्रिल मशिन नुसते हातात धरले, तर भोक सहसा थोडे तिरपे जाते. दोन इंच जाड फळीत ते अवघे ३ अंश कलले, तरी खालच्या बाजूला अडीच मिलिमीटरहून अधिक सरकलेले निघते. मग नट आणि वॉशर फळीला सपाट टेकत नाहीत. भार एकाच कडेवर येतो, तिथले लाकूड दबत जाते आणि नट सैल होऊ लागतो. ज्या फळीवर आजी नातवाला मांडीवर घेऊन बसणार, तिथे हा तिरपेपणा कसा चालेल?

कारखान्यात यासाठी स्टँडवरचे ड्रिल असते. पण पाच फुटी फळी त्यावर तोलून धरणे कठीणच. अशा वेळी फळीवरच ठेवता येणारे ड्रिल गाइड उपयोगी पडते. खाली सपाट तळपट्टी, तिच्यावर दोन उभे दांडे आणि त्यांवरून वरखाली सरकणारा, बिट पकडणारा चक, एवढीच त्याची रचना. चकाची वरची दांडी आपल्या ड्रिल मशिनमध्ये आवळायची. दांड्यांमुळे बिट झुकत नाही.

गाइड घेतानाच दांडे तळपट्टीशी काटकोनात आहेत ना, हे गुण्या लावून पाहावे. दांडे डुगडुगत असतील तर ते गाइड स्वस्तात मिळाले तरी नको. भोकाच्या जागी पेन्सिलीने फुली मारून मधोमध टोच्याने खळगा करावा. फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवून दोन्ही एकत्र शिकंज्यात आवळावे, म्हणजे बिट बाहेर पडताना खालच्या बाजूच्या ढलप्या निघत नाहीत. मशिन भिंतीसाठी घेतलेले असेल, तर त्याचा हॅमर बंद ठेवावा. बिटही लाकडाचाच हवा, टोकाशी अणी असलेला. तो मधूनमधून वर काढून भुसा झटकावा, नाहीतर लाकूड करपते.

पदर, ओढणी, सैल बाह्या आवरून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच मशिन सुरू करावे. हातमोजे मात्र घालू नयेत. फिरत्या बिटात ते गुंततात. बिट बदलताना प्लग काढलेला असावा.

एकाच झोपाळ्यासाठी गाइड विकत घ्यायचे नसेल, तर शिसवीचा जाड ठोकळा घेऊन त्यात जवळच्या वर्कशॉपमधून सरळ भोक पाडून आणावे. तो फळीवर आवळून बिट त्यातून खाली घालावा. ठोकळा मऊ लाकडाचा घेऊ नये, त्याचे भोक लवकर ढिले पडते.