अरिष्टपरीक्षण आणि काचयंत्रांची मांडणी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत धायटीही आहे आणि मोहही. धायटीची फुले आसवारिष्टांच्या संधानास लागतात. मोहफुलांचे मधूकासव चरकसंहितेच्या ग्रहणीचिकित्सेत आले आहे. परंतु गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरातही ती २०१५ ते २०२१ या काळात होती. अशा प्रदेशात अरिष्टातील स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण बिनचूक सांगता येणे ही निर्मात्याच्या पतीची बाब ठरते.

काही वर्षांपूर्वी माझ्या परीक्षणात दशमूलारिष्टाच्या एका बॅचचे प्रमाण ३ टक्के आले. संधान अपुरे राहिले असे समजून ती बॅच टाकून देण्याच्या बेतात मी होतो. तेवढ्यात टेबलाजवळ मद्यार्काचा वास जाणवला. दोष औषधात नव्हता, काचेच्या सैल सांध्यात होता. मांडणी नव्याने केल्यावर तेच प्रमाण ७ टक्के भरले.

रसरत्नसमुच्चयातील तिर्यक्पातन यंत्र आपण सर्वांनी अभ्यासले आहे. एका घटाखाली अग्नी, तिरपी नळी, दुसऱ्या घटात शीतल जल आणि सांध्यांवर मातीचा लेप. आजचे ऊर्ध्वपातनाचे काचयंत्र याच तत्त्वावर चालते. भेद एकच, पण महत्त्वाचा: मधले सर्व सांधे घट्ट असावेत, मात्र ग्राहक पात्राचे तोंड हवेस खुले असावे. संपूर्ण बंद यंत्रास उष्णता दिल्यास स्फोट होऊ शकतो.

मांडणी खालून वर करावी. प्रथम शेगडीची उंची ठरवून स्टँडवर चंबू बसवावा. चिमट्यास रबर वा बुचाचे अस्तर हवे. काच धरली जावी, आवळली जाऊ नये. सांध्यास व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. शीतक नळीस पाणी खालच्या तोंडाने आत व वरच्या तोंडाने बाहेर न्यावे, म्हणजे ती पूर्ण भरलेली राहते.

चंबूत २५ मिली अरिष्ट व १५० मिली पाणी घ्यावे. प्युमिस दगडाचे थोडे चूर्ण उष्णता देण्यापूर्वीच टाकावे. तापलेल्या द्रवात टाकल्यास तो उसळतो. किमान ९० मिली ऊर्ध्वपातित द्रव जमल्यावर २५ अंश सेल्सिअसला पाण्याने १०० मिली करावा व त्याच तापमानास विशिष्ट गुरुत्व पाहावे. कोष्टकातील मद्यार्काच्या आकड्यास ४ ने गुणावे, कारण मूळ द्रव चौपट विरल झालेला असतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि टाकीचे पाणीही तापते. त्यामुळे परीक्षण पहाटे करावे, शीतकास बर्फाचे पाणी द्यावे व ग्राहक पात्र थंड पाण्यात ठेवावे. वाफ निसटल्यास प्रमाण कमी दिसते. द्रव कोमट असताना गुरुत्व मोजल्यास ते जास्त दिसते. दोन्ही दोष एकत्र आले तर एकमेकांस झाकतात आणि चुकीचा आकडा बरोबर भासतो. म्हणून प्रत्येक बॅचचे परीक्षण दोनदा करावे.

अनुसूची ‘टी’ने २००० साली उत्तम निर्मितीचे निकष घालून दिले. गुणवत्तानियंत्रणाची नोंदवही तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी भरायची नसते. रुग्णाच्या चमच्यात काय जाते, हे आपणास ठाऊक असावे यासाठी ती असते. संधिबंधन आपल्या पूर्वसूरींनी मातीने केले. आपण ते काचेवर तितक्याच निष्ठेने करावे.