बागेचं नाव ठरतं कुठे?

सुरुवातीला एक प्रश्न. फिरोजशहा मेहता उद्यानात किती जण गेलेत? दोन-तीन हात दिसतायत. बरं, हँगिंग गार्डनला? आता सगळेच! दोन्ही एकच, मलबार हिलवर पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर केलेली बाग. गंमत म्हणजे, मुंबईत सार्वजनिक जागेला नाव कसं द्यायचं हे ज्या १८८८ च्या महापालिका कायद्यात लिहिलंय, त्याच्या घडणीत याच मेहतांचा मोठा वाटा होता. त्यांच्याच बागेचं कागदावरचं नाव लोकांच्या तोंडी मात्र बसलं नाही.

कायद्यातली तरतूद अगदी छोटी आहे. महापालिकेच्या ताब्यातला रस्ता किंवा सार्वजनिक जागा कोणत्या नावाने ओळखायची, हे आयुक्तांनी महापालिकेच्या मंजुरीने ठरवायचं. इथे ‘महापालिका’ म्हणजे निवडून आलेल्यांचं सभागृह. व्यवहारात नाव बहुतेक वेळा नगरसेवकाकडून येतं. एखादं मंडळ किंवा रहिवासी संघ त्यांना पत्र देतो, ते प्रस्ताव मांडतात, विभाग कार्यालय अभिप्राय देतं, विषय बाजार व उद्यान समितीसमोर जातो आणि पुढे सभागृहात. तिथे अशा विषयावर मतदानाची वेळ क्वचितच येते. कार्यक्रमपत्रिकेतल्या लांबलचक यादीतला तो एक विषय असतो, ‘मंजूर’ म्हटलं की झालं.

म्हणून आम्ही म्हणतो, नाव सभागृहात मंजूर होतं, पण ठरतं त्याच्या बरंच आधी. सुचवायला कोण पुढे आलं, यावर ते ठरतं.

याचं चांगलं उदाहरण दादरला आहे. आपण ज्याला शिवाजी पार्क म्हणतो, ते १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. त्या काळी शिवजन्माचं साल १६२७ धरत, म्हणजे ते त्रिशताब्दीचं वर्ष होतं. गांधीजींचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या याच अवंतिकाबाई. रोज सकाळी कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या माहीत असतील? तरी त्यांनी सुचवलेलं नाव आज शंभरीला आलंय. २०२० मध्ये ते अधिकृतपणे ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ झालं. टॅक्सीवाल्याला आपण काय सांगतो, ते वेगळं!

आता भायखळ्याला या. १८६२ मध्ये खुली झालेली व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे राणीची बाग. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं, आज ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. बदलण्याचं कारण उघड होतं आणि ते योग्यच होतं. परक्या सत्तेच्या राणीचं नाव का ठेवायचं? पण मुलांना अजून ‘राणीच्या बागेत’ नेतात. ही राणी कोणती, हे त्यांना ठाऊक नसतं आणि नेणाऱ्यांच्याही डोक्यात नसतं. एका अर्थी व्हिक्टोरिया तिथून गेलीच आहे, नुसती ‘राणी’ उरली. त्याच आवारातल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. हा बदल आम्हाला विशेष आवडतो, कारण ते संग्रहालय उभं करण्यात भाऊ दाजींचा स्वतःचा हात होता. तिथलं नाव तिथल्याच जागेचा इतिहास सांगतं.

कायद्यातला ‘ताब्यातली जागा’ हा शब्द सहज निसटतो, पण भांडणं तिथेच होतात. शहरातली कितीतरी मैदानं जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा म्हाडाच्या जमिनीवर आहेत. लोक त्यांना काहीतरी म्हणत असतात, कुणीतरी फलक लावतं, आणि ठराव शोधायला गेलं तर सापडत नाही. २०२२ च्या जानेवारीत मालवणीतल्या मैदानाला टिपू सुलतानचं नाव असण्यावरून मोठा वाद झाला. टिपूबद्दलची मतं बाजूला ठेवली, तरी ‘हे नाव अधिकृत आहे का?’ हा प्रश्न उरलाच होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि आयुक्तच प्रशासक झाले. नाव ठरवायचं आयुक्तांनी, मंजुरी द्यायची सभागृहाने, ही मूळ रचना. दोन्ही अधिकार एकाच टेबलावर आले, तेव्हा निदान वर्तमानपत्रात छापून येईल अशी चर्चाही राहिली नाही.

आणखी एक गोष्ट. विकास आराखड्यातलं बागेचं आरक्षण बदलायचं असेल तर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नाव बदलण्याच्या तरतुदीत तसं काही नाही. कुणी म्हणेल, नावाने काय फरक पडतो, झाडं तीच! आम्हीही पूर्वी तसंच म्हणायचो. मग आमच्या वस्तीतल्या बागेवर एक दिवस नवा फलक दिसला. ठरावाची प्रत मागितली. तीन महिने दोन कार्यालयांत फिरल्यावर ती मिळाली. ठराव दोन वर्षं जुना होता. ज्या काकांनी तिथल्या झाडांना उन्हाळाभर घरून पाणी आणून घातलं, त्यांच्या कानावरही ते आलं नव्हतं. त्यांची हरकत नावाला नव्हतीच. त्यांनी एवढंच विचारलं, “मला कुणी सांगितलं का नाही?”

आमची मागणी लहान आहे. प्रस्ताव समितीपुढे जाण्याआधी महिनाभर बागेच्या दाराशी मराठीत सूचना लावावी: कोणतं नाव, कुणी सुचवलं, का, आणि हरकत कुठे द्यायची. तोवर तुम्ही तुमच्या बागेपासून सुरुवात करा. माहिती अधिकाराच्या अर्जात नामकरणाचा ठराव क्रमांक, तारीख आणि जागा कुणाच्या ताब्यात आहे, एवढं विचारा. सोबत बागेचा पूर्ण पत्ता लिहा. नुसतं लोकांच्या तोंडचं नाव लिहिलंत, तर ‘अशी बाग आमच्या नोंदीत नाही’ असं उत्तर येऊ शकतं.