विदर्भाची घडण (भाग सहावा) : वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज

जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकर भागातल्या काशी का बास या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. वर्ध्याचे व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले आणि पाचेक वर्षांचा हा मुलगा कापसाच्या मुलखात आला.

वर्धाही तेव्हा नवेच होते. १८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा निघाला आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटली की खेड्यापाड्यांतून कापसाने भरलेल्या बंड्या पहाटेच बाजाराच्या वाटेला लागत. जिनात सरकी आणि रुई वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि वाघिणींतून त्या मुंबईला जायच्या. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला कर्ज देणारा शेठ, हंगामात माल घेणारा शेठ आणि पुष्कळदा गावचा मालगुजार, म्हणजे सारा भरणारा जमीनदारही, शेठच. त्यामुळे शेठ कसा आहे यावर अशा गावाचे निम्मे बरेवाईट ठरत असे.

जमनालाल कसे शेठ होणार, हे ते सतरा वर्षांचे असतानाच दिसले. एका लग्नाला दागिने घालून जायचे की नाही, यावरून आजोबांशी वाद झाला. आपल्या पैशावर हा मुलगा उभा आहे, असे आजोबा रागाच्या भरात बोलून गेले. मुलाने मालमत्तेवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहिले आणि घर सोडले. बच्छराजांनी समजूत घालून त्याला परत आणले खरे, पण हा पैसा आपला नव्हे ही गाठ मनात पक्की बसली. १९०७ मध्ये बच्छराज वारले आणि सारी पेढी जमनालालांकडे आली. पुढे त्यांनी वारशाच्या रकमेचा व्याजासह हिशेब मांडला आणि तेवढी रक्कम लोककार्याला देऊन टाकली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. श्रीमंताने आपली संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, या महात्मा गांधींच्या विश्वस्तवृत्तीच्या विचाराची ओळख होण्यापूर्वीच त्या वृत्तीची माती इथे तयार होती.

त्यांची स्वतःची शाळा चारेक वर्षांचीच. तरी गावात शिकण्याची सोय हवी म्हणून १९१० मध्ये त्यांनी वर्ध्यात मारवाडी विद्यार्थिगृह काढले. त्यातूनच १९१४ मध्ये शिक्षा मंडळ उभे राहिले. सरकारदरबारीही मान होता. तरुण वयातच ते ऑनररी मॅजिस्ट्रेट झाले, पुढे रायबहादूर ही पदवी मिळाली. ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये असहकाराच्या काळात परत केली.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते नागपुरात. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. आजचे काँग्रेसनगर हे नाव त्याच अधिवेशनाची खूण आहे. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते आणि स्वागताध्यक्ष होते एकतीस वर्षांचे जमनालाल. एवढ्या लोकांची राहण्या-जेवण्याची, पाण्याची, उजेडाची व्यवस्था लावणे हे पेढी चालवणाऱ्या माणसाचेच काम होते. असहकाराचा ठराव याच अधिवेशनात पक्का झाला. जमनालालांनी गांधीजींकडे मागणे मागितले ते मोठे विलक्षण : मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींनी ते मानले आणि पुढची त्यांची पत्रे ‘चि. जमनालाल’ अशीच सुरू होतात. वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी जमनालालांनी एक लाख रुपये दिले. काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ देशाच्या चळवळीची थैली वर्ध्याच्या या व्यापाऱ्याच्या हाती राहिली.

१९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला सरकारने बंदी केली होती आणि देशभरातून आलेल्या सत्याग्रहींच्या तुकड्या ती मोडत होत्या. चळवळीची धुरा जमनालालांवर होती. त्यांना अटक झाली, कैदेबरोबर तीन हजार रुपये दंडही झाला. दंड भरणार नाही म्हटल्यावर त्यांची मोटार जप्त झाली. लिलाव पुकारला, पण नागपुरात एकही माणूस बोली लावायला पुढे आला नाही. अखेर ती मोटार विकण्यासाठी काठेवाडात न्यावी लागली. गावाने एखाद्या माणसाला आपले मानले म्हणजे काय, हे त्या रिकाम्या लिलावाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. पुढे वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली.

स्वतःच्या समाजाचा रोष पत्करायचा प्रसंग त्याहून कठीण असतो. वर्ध्यातले लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचे. जुलै १९२८ मध्ये जमनालालांनी विनोबा भावे यांच्या साथीने त्याचे दरवाजे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. इतके प्रतिष्ठित मंदिर असे उघडल्याचे देशातले ते अगदी आरंभीचे उदाहरण. सनातनी मंडळी आणि जातभाई बिथरले, पण ते मागे हटले नाहीत.

विनोबा एप्रिल १९२१ मध्येच वर्ध्याला आले होते, जमनालालांनी गांधीजींकडे आश्रमाचा हट्ट धरल्यामुळे. पुढे गांधीजी स्वतः आले. आपली बाग आणि त्यातले घर जमनालालांनी ग्रामोद्योग संघाला दिले, त्या जागेचे नाव मगनवाडी झाले. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. तिथली बहुतेक मालगुजारी बजाजांचीच होती. रेल्वेवरच्या दुसऱ्या शेगावमुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. काँग्रेसच्या कार्यसमितीच्या बैठका वर्ध्यात भरू लागल्या, पुढारी जमनालालांच्या बजाजवाडीत उतरू लागले आणि कापसाच्या बाजाराचे एक गाव देशाच्या नकाशावर ठळक झाले.

व्यवसाय दरम्यान वाढतच होता. १९३१ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातल्या गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना निघाला. त्यांचे स्वतःचे मन मात्र त्यातून निघत चालले होते. १९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगवास झाला. सुटकेनंतर त्यांनी गोसेवा संघाचे काम घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून ते तिथे राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. गोसेवेचे काम त्यांच्या पत्नी जानकीदेवी बजाज यांनी पुढे चालवले. १९५६ मध्ये जानकीदेवींना पद्मविभूषण मिळाले.

शिक्षा मंडळाचे वाणिज्य महाविद्यालय १९४० मध्ये वर्ध्यात सुरू झाले आणि १९४५ मध्ये नागपुरातही निघाले. नागपूरचे हे महाविद्यालय आज ज्या सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगा न्यायला १९२३ साली बंदी होती, तिथेच आहे.